कॅमेऱ्याच्या आधी येणारी बाई

गुड्रुनने मेरेटेला पहिल्यांदा पाहिलं ते गावच्या सभागृहाच्या लाकडी जमिनीवर गुडघे टेकून बसलेली. हनुवटी टेबलाच्या कडेला लावलेली, एक डोळा मिटलेला. फेब्रुवारीतला गुरुवार होता आणि सभागृहात शेगडी नुकतीच पेटली होती. किल्ली गुड्रुनकडे असते, म्हणून दार तिनेच उघडून ठेवलं होतं आणि मग ती दूध आणायला गेली होती. परत आली तर ही बाई अशी.

"काही हरवलं का गं?"

"नाही. केकच्या उंचीवरून टेबल कसं दिसतं ते बघतेय," मेरेटे म्हणाली आणि टेबलाला धरून हळूहळू उठली. उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांचा होता. गुड्रुनच्या चांगल्या ओळखीचा.

राव्हनकेर हे डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याकडचं, दक्षिण युटलंडमधलं छोटं गाव. तिथे पाळकापासून पोस्टमनपर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. ओबेनरा शहरातल्या एका व्हिडिओ करणाऱ्या कंपनीतून मेरेटे आली होती. पर्यटन मंडळाला या भागावर छोट्या व्हिडिओंची मालिका हवी होती, आणि तिची सुरुवात राव्हनकेरच्या गुरुवारच्या कॉफीपासून होणार होती.

"कॅमेरा कुठाय?" गुड्रुनने विचारलं.

"तो दोन आठवड्यांनी येईल. आधी मी येते."

"म्हणजे तू नेमकं काय करतेस?"

"काय चित्रित करायचं ते ठरवते. कॅमेरा आला की ठरवायला कुणाला वेळ नसतो. मग सगळे नुसते उभे राहतात आणि कॉफी थंड होते."

गुड्रुनला हे पटलं. चाळीस माणसांची कॉफी तिने आयुष्यभर मांडली होती. किटलीवर पाणी चढवण्याआधी कप मोजायचे असतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मेरेटेने पिशवीतून कागदाचे तुकडे काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने काढलेलं चौकोनी चित्र. हात. सुरी. खिडकी. हसणारं तोंड. चित्रं अगदी शाळकरी होती, काड्यांची माणसं. मग तिने एकेक गोष्ट विचारली. दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून येतं? फ्रीज एवढा घरघरतो, तो तासभर बंद ठेवता येईल का? सगळ्यात कमी लाजणारी बाई कोण?

"कमी लाजणारी?" गुड्रुन हसली. "आंके. पण तिला बोलायला लावू नकोस, ती थांबत नाही."

"आणि केक सगळ्यात चांगला कुणाचा?"

गुड्रुनने फडक्याने आधीच कोरडा असलेला ओटा पुसला. "सगळ्यांचेच चांगले असतात," ती म्हणाली. थोड्या वेळाने, आवाज जरा खाली आणून, "मेथाचा रायच्या काळ्या पावाचा केक खाऊन बघ."

भांडी आवरताना मेरेटेबद्दल थोडंफार कळलं. ती इथलीच, शेजारच्या गावात जन्मलेली. टोंडरच्या वर्तमानपत्रात पानं लावायचं काम करायची. कुठली बातमी वर, कुठली खाली, फोटो केवढा. वर्तमानपत्र बंद पडलं. मग कोपनहेगनला जाऊन वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर बसून हे नवं काम शिकली, काही वर्षं तिकडेच केलं. आई आजारी पडली तशी परत आली. आई आता टोंडरच्या वृद्धाश्रमात. मेरेटे रोज तिथे डोकावते आणि जेवण बहुतेक गाडीतच करते.

"दमत नाहीस?"

"चाललंय की," मेरेटे म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ दमले आहे असाच होतो.

"आणि हे सगळं कशाला एवढं? बसवा कॅमेरा, पिऊ दे बायकांना कॉफी."

मेरेटेने एक तुकडा उचलून दाखवला. पहिला. "हा गळ. माणूस फोन असा अंगठ्याने सरकवत असतो. पहिल्या पाच सेकंदांत गळ लागला नाही तर मासा गेला पुढे. मग पुढचं तू सोन्याचं केलंस तरी बघायला कुणी नाही." तिने तुकडा परत जागेवर ठेवला. "माझ्या आराखड्यांत गळ नसतो असं साहेबांचं म्हणणं आहे. फार संथ आहे म्हणतात. ही मालिका उभी राहिली नाही तर माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत."

हे ती पावसाची वार्ता सांगावी तसं म्हणाली. गुड्रुनने तिच्यासमोर केकचा तुकडा सरकवला आणि ती खाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

शूटिंगच्या दिवशी सगळं कसं आखल्याबरहुकूम होतं. ऊन ठरल्या खिडकीतून आलं. फ्रीज गप्प बसला. टेबलावर मऊ केक एका बाजूला, कुरकुरीत बिस्किटं दुसऱ्या बाजूला, मधोमध मेथाचा केक: राय या धान्याच्या काळ्या पावाचा चुरा आणि हेझलनट घालून भाजलेले थर, मध्ये ब्लॅककरंटचा जॅम, वर साय फेटून लावलेली. मेथा पंचाहत्तरीची, ताठ, इस्त्रीच्या निळ्या ब्लाऊजमध्ये. तिने आरशात बघून केसांना पिना लावल्या होत्या आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दोनदा हात फिरवून थोडे विस्कटलेही होते.

पहिला कागदाचा तुकडा असा होता: मेथा सुरी केकवर धरते, कॅमेऱ्याकडे बघते आणि म्हणते, "दक्षिण युटलंडमधला सगळ्यात चांगला केक बघायचाय?"

मेरेटेने तिला वाक्य सांगितलं. मेथाने मान हलवली. कॅमेरावाल्याने बोट वर केलं.

मेथाने सुरी धरली, वर बघितलं आणि म्हणाली, "हा आज जरा कोरडाच झालाय."

बायका हसल्या. मेरेटेही हसली. "पुन्हा करू या. नुसतं वाक्य म्हण. नाटकातल्यासारखं."

"हो, हो." मेथाने श्वास घेतला. "बघायचाय... खरं म्हणजे साय थोडी पातळ पडली."

तिसऱ्यांदा, पाव पुरेसा शिळा नव्हता म्हणून केक बिघडला म्हणे. चौथ्यांदा भट्टीचं कारण निघालं. मेथाचे कान लाल झाले. ती मुद्दाम करत नव्हती. वाक्य तिच्या ओठांपर्यंत येत होतं आणि तिथून मागे फिरत होतं, जसं घोडं पाण्यापाशी येऊन अडतं.

"आंके, मग तू म्हण," मेरेटे म्हणाली. "मेथाबद्दल तू म्हणालीस तर चालेल ना?"

आंके, जी कधीच थांबत नाही, ती थांबली. तिने टेबलावरून नजर फिरवली. एल्सेचा सफरचंदाचा, तिचा स्वतःचा, पाळकाच्या बायकोचा. "मेथाचा चांगला असतो," ती म्हणाली, "पण मग हे बाकीचे काय दगड आहेत का?"

"तुझा तर दगडच आहे," एल्से म्हणाली.

"माझा जमला नाहीच आज, कबूल. पण तुझं ते सफरचंद, बाई! त्याला पोहायला येतं का बघ, एवढं पाणी सुटलंय."

"आणि माझं बिस्किट? कवळी काढून ठेवा मग खा," तिसरी एक म्हणाली.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. जी ती आपापल्या केकला नावं ठेवत होती आणि दुसरीच्या ताटलीतला दुसरा तुकडा घेत होती. मेरेटे खुर्चीवर बसली होती, हातात पहिला कागद. गुड्रुन किटली घेऊन तिच्यामागे उभी होती, म्हणून तिला तो चेहरा बाजूने दिसला. मेरेटेने डोळे मिटले होते.

ती इथलीच होती. लहानपणापासून हेच ऐकत मोठी झालेली. आपल्या केकला आपणच चांगलं म्हणायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला हवं होतं असं नव्हे. पण गळाच्या नादात ती विसरली होती.

तिने कॅमेरावाल्याला खूण केली: चालू ठेव. पेन्सिलीने पहिल्या कागदावर आडवी रेघ मारली. "हेच घ्या सुरुवातीला," ती म्हणाली. "दगड आणि कवळी."

त्या दुपारी निघताना ती पहिल्यांदाच जरा सैल दिसली. गाडीच्या खिडकीतून तिने गुड्रुनला "मॉइन" केलं. आमच्याकडे येतानाही मॉइन आणि जातानाही मॉइनच.

व्हिडिओ मार्चमध्ये आला. गुरुवारीच, म्हणून सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं. गुड्रुनने टॅबलेट कॉफीच्या किटलीला टेकवून उभा केला. बायकांनी चष्मे चढवले.

पहिल्या क्षणाला मेथाचा चेहरा आला, सुरी हातात, वर बघताना. तिचं तोंड हललं, पण आवाज तिचा नव्हता. एका उत्साही तरुणाचा आवाज म्हणाला, "दक्षिण युटलंडमधला सगळ्यात चांगला केक बघायचाय?" आणि तेच शब्द मेथाच्या कपाळावर, मोठ्या पिवळ्या अक्षरांत.

पुढे दगड होता, कवळी होती, ऊन होतं, सभागृह सुरेख दिसत होतं. पण पुढचं कुणी पाहिलं असेल असं गुड्रुनला वाटत नाही. व्हिडिओ संपला. आंकेने कॉफी ढवळली, साखर न घालता. एल्सेने चष्मा काढून पुसला.

"छान दिसतंय सभागृह," मेथा म्हणाली.

मग ती उठली, अर्धा भरलेला आपला कप मोरीत ओतला, धुतला, पालथा घातला आणि कोट घेऊन गेली.

तिला कुणी वाईट बोललं नाही. हीच तर अडचण होती. सहकारी दुकानात मांसाच्या काउंटरवरचा फ्लेमिंग म्हणाला, "सरका सरका, महाराणी आल्या." चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी विचारलं, राजवाड्यातून मागणी आली का. सगळं हसत हसत, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की ते वाक्य तिचं नव्हे. पण अक्षरं तिच्या कपाळावर होती, आणि जी बाई पन्नास वर्षं कधी पहिली खुर्ची घेऊन बसली नाही, तिच्याकडे लोक आता बघत होते.

पुढच्या गुरुवारी मेथा आली. पिशवीतून तिने दुकानातल्या बिस्किटांचा पुडा काढला, कात्रीने त्याचं टोक कापलं आणि बिस्किटं ताटलीत ओतली.

गुड्रुनने त्या टेबलावर मृत्यूच्या बातम्या ऐकल्या होत्या, घटस्फोट ऐकले होते. पण दुकानातलं बिस्किट तिथे कधी आलं नव्हतं. सगळ्यांनी एकेक घेतलं आणि चावून गिळलं. एल्से चांगलं आहे म्हणाली.

संध्याकाळी गुड्रुनने मेरेटेला फोन केला.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात आली, आईकडून परस्पर. कोट न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. व्हिडिओ तिने पाहिला होता, ऑफिसात, तो बाहेर आल्या आल्या.

"तुझ्या साहेबाने केलं?" गुड्रुनने विचारलं.

"नाही. मीच."

ती सांगत गेली. शूटिंगच्या दिवशी रेघ मारली ती तिच्या हातातल्या कागदावर. ऑफिसातल्या प्रतीवर ते वाक्य तसंच राहिलं. व्हिडिओची जोडणी करणारा मुलगा नवा, त्याने प्रत उघडली, पहिल्या चौकटीत वाक्य होतं, पण चित्रात ते कुणी म्हणत नव्हतं. त्याने कमतरता भरून काढली. "आणि त्याला तसं मीच शिकवलंय. पहिल्याच दिवशी. कागदावर आहे तेच पडद्यावर. आपल्या मनाने काही घालायचं नाही आणि गाळायचं नाही. त्या दिवशी मला आश्रमात पोचायचं होतं. म्हटलं, उद्या प्रत सुधारते."

गुड्रुनने कप पुढे घेतला. तिने कॉफी ओतली.

"काढून टाका म्हणून मी त्यांना सांगितलंय," मेरेटे म्हणाली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो ओट्यावर ठेवून दिला आणि स्पीकर चालू केला. लपवायची ताकद राहिली नव्हती तिच्यात. साहेबाचं नाव यानिक. आवाज तरुण, बोली पूर्वेकडच्या बेटांवरची.

"मेरेटे, मी पुन्हा बघितलं. अगं, आपलं आजवरचं सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं काम आहे हे. मंडळ खूश आहे. उरलेल्या मालिकेचं त्यांनी जवळजवळ नक्की केलंय. आणि तू म्हणतेस काढा?"

"तिला त्रास होतोय, यानिक."

"कसला त्रास? तिच्या केकला सगळ्यात चांगला म्हटलंय आपण! शिव्या दिल्यात का?"

"इथे ते... तुला नाही कळायचं."

"बरं, नसेल कळत. नियम तुला माहीत आहे. तिने स्वतः लेखी सांगितलं की मला यात राहायचं नाही, तर काढावंच लागेल. सांगितलंय का तिने?"

"तिला माहीतच नाही असं सांगता येतं ते."

"मग झालं तर." तो पुढे म्हणाला, "हे बघ, तुझी जागा या मालिकेवर आहे. मी नाही ठरवलेलं ते, वरून ठरलंय. कशाला उगाच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

फोन बंद झाला. मेरेटे कपात बघत बसली. गुड्रुनला वाटलं, आता ही रडेल. पण ती रडली नाही, तिने जांभई दिली. खोल, पाठीपासून आलेली जांभई, आणि मग तिला स्वतःलाच तिची लाज वाटली.

"मेथा घरी असेल का?" तिने विचारलं.

मेथाचं घर गुड्रुनच्या कुंपणाला लागूनच. दोघी मागच्या दाराने गेल्या. मेथाने दार उघडलं, मेरेटेकडे पाहिलं, "मॉइन" म्हणाली आणि बाजूला झाली. कॉफी टाकली. पाव, लोणी, चीज ठेवलं.

"केक नाहीये घरात," ती म्हणाली.

मेरेटेने सगळं सांगितलं, वाक्याची रेघ, प्रत, सगळं. स्वतःला सोडवून घ्यायला एक शब्दही घातला नाही. शाळेत खिडकी फोडलेली मुलं दोन जातींची असतात, कारणं सांगणारी आणि कबूल करणारी. ही दुसऱ्या जातीची होती.

मेथा ऐकत होती. "म्हणजे तू लिहिलंस ते."

"हो."

"शूटिंगच्या आधी."

"आधी."

"इथली असून."

मेरेटेने मान खाली घातली.

"ते काढता येतं," मेरेटे मग म्हणाली. "तू लिहून दिलंस तर. एका ओळीत. त्यांना काढावंच लागतं, कायदाच आहे तसा. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

"आणि ते निघालं की तुझं काय?"

इथे मेरेटेला खोटं बोलता आलं असतं. गुड्रुन सांगते, तीही त्या क्षणी मनात म्हणत होती, बोल गं, काहीतरी सांग.

"जागा जाईल बहुतेक," मेरेटे म्हणाली.

मेथाने पावाच्या कडेवरचं लोणी सुरीने सारखं केलं. बराच वेळ. गुड्रुनला वाटलं होतं, ती आता म्हणेल, जाऊ दे, लोक विसरतील. आमच्याकडची माणसं दुसऱ्याला अडचण नको म्हणून आयुष्यभर घट्ट बूट घालतात. पण मेथा तसं म्हणाली नाही.

"मला वाईट वाटतंय तुझ्यासाठी," ती म्हणाली. "खरंच. तुझ्या आईला मी ओळखते, नाचायला यायची ती इथे. पण तुला दुसरं काहीतरी मिळेल. मला रोज याच दुकानात जायचंय. कागद दे."

कागद मेरेटेच्या पिशवीत होता. मेथाने त्यावर एक ओळ लिहिली, तारीख टाकली, सही केली, आणि लिहून झाल्यावर पेनचं टोपण नीट लावून पेन परत दिलं. मग तिने मेरेटेच्या पावावर चीजचा आणखी एक काप ठेवला.

"खा. उभ्यानेच जगतेस तू."

मेरेटेने खाल्लं. चावताना तिचे डोळे मिटत होते, आणि दोघी म्हाताऱ्या तिचं खाणं होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

सोमवारी व्हिडिओ काढून टाकला गेला. पुसल्यासारखा सगळीकडून निघाला असं नाही, कुणीकुणी तो उतरवून घेतला होता, पण गावातला बोलबाला हळूहळू विरला. फ्लेमिंगला दुसरं गिऱ्हाईक सापडलं चेष्टा करायला. मंडळाने मालिका दुसऱ्या कंपनीला दिली. ईस्टरनंतर मेरेटेचं ऑफिसातलं टेबल रिकामं झालं. यानिकने तिला फुलं पाठवली. ती तिने आईच्या खोलीत ठेवली.

मेथा त्यानंतर काही आठवडे गुरुवारी नुसतीच यायची, हात हलवत. कुणी विचारलं नाही. मग एका गुरुवारी तिने व्हॅनिलाच्या वळणदार बिस्किटांचा डबा आणला, घरी केलेल्या. डब्याचं झाकण निघालं तेव्हा गुड्रुनच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि तिने ते दाखवलं नाही. रायच्या पावाचा केक मात्र शरद संपेपर्यंत टेबलावर आला नाही.

मेरेटे मध्ये बरेच दिवस दिसली नाही. उन्हाळ्यात एकदा गुड्रुन टोंडरला दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना बाजारचौकात भेटली. हातात आईच्या कपड्यांची पिशवी. केस कापले होते, थोडी बारीक झाली होती.

"कशी आहेस?"

"चाललंय की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "झोप होते आता."

सध्या मेरेटे टोंडरच्या नगरपालिकेत काम करते. कुठल्या म्हाताऱ्या माणसाकडे कुठली सेविका सकाळी किती वाजता जाणार, हे ती आदल्या दिवशी आखून ठेवते.